कमी दिवसांचे बाळ आणि दुधाची बाटली

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तीन कामे नवजात बाळाला एका तालात करावी लागतात, कारण दुधाची आणि हवेची वाट घशात काही अंतर एकच असते. गिळताना श्वास क्षणभर थांबतो, श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते, घोट अन्ननलिकेत उतरतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. पुऱ्या दिवसांच्या बाळात हा फेरा साधारण सेकंदाभरात पुरा होतो आणि ते सलग दहा-वीस वेळा चोखून मग थोडे थांबते. कमी दिवसांच्या बाळाचा हा ताल बसलेला नसतो. तीन-चारदा चोखून ते थांबते, श्वासासाठी धडपडते. तेवढ्यात बाटलीतून दूध येतच राहिले तर ठसका लागतो, दूध ओठांच्या कडेने ओघळते किंवा बाळ सरळ झोपी जाते. घरात मग ‘दूध ओढत नाही’, ‘आळशी आहे’ अशी बोलणी सुरू होतात. बाळ आळशी नसते. जे काम त्याने आईच्या पोटात आणखी महिना-दीड महिना गिरवायचे होते, ते त्याला बाहेर येऊन, तेही श्वास सांभाळत, शिकावे लागते.

गर्भाचे पूर्ण दिवस ४० आठवडे धरतात. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ कमी दिवसांचे. गर्भजल गिळणे चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू झालेले असते, चोखण्याच्या हालचाली त्यानंतर येतात; पण चोखणे, गिळणे आणि श्वास यांची सांगड ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान बसू लागते आणि ३६-३७ आठवड्यांपर्यंत ती पक्की होते. ‘सातव्या महिन्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ ही समजूत आजही बऱ्याच घरांत ऐकू येते, तिला काही आधार नाही. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या कामी येतो. गालांच्या आतल्या चरबीच्या गाद्यांचेच उदाहरण घेता येईल. त्या शेवटच्या आठवड्यांत भरतात आणि त्यांच्यामुळे तोंडाची पोकळी आवळून धरता येते. त्या नसल्या की गाल आत खचतात, ओठांची पकड सुटते आणि चोखण्याचा जोर वाया जातो. शिवाय मान लुळी, स्नायू मऊ आणि अंगातला साठा नगण्य. दूध पिण्याच्या मेहनतीतच बाळ थकते.

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात असे बाळ जन्मले, तर त्याचा पुढचा प्रवास त्याच्या वजनावर आणि दिवसांवर ठरतो. सरकारी व्यवस्थेच्या नियमाप्रमाणे १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे किंवा ३४ आठवड्यांच्या आतले बाळ जिल्हा पातळीवरच्या नवजात विशेष काळजी कक्षात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘एसएनसीयू’त, दाखल करायचे असते. मंगरूळपीरहून त्यासाठी वाशीम गाठावे लागते. काहींना तिथून अकोल्याला हलवतात. २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे सरकारी रुग्णालयातले उपचार आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. ‘पेटीत ठेवलंय’ असे नातेवाईक सांगतात. ती पेटी बहुतेक वेळा काचेची बंद पेटी नसते, वरून ऊब देणारा उघडा पाळणा असतो.

खरी फसगत होते ती मधल्या बाळांची. ३४ ते ३६ आठवड्यांचे, दोन-सव्वादोन किलोचे बाळ दिसायला धडधाकट असते. ते कोणत्याही कक्षात दाखल होत नाही आणि आईबरोबर दोन-तीन दिवसांत घरी येते. घरी आल्यावर कळते की ते पाच मिनिटे चोखते आणि झोपते. रडून दूध मागण्याचीही त्याला ताकद नसते, म्हणून ‘किती शांत बाळ आहे’ असे कौतुक होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वजन घसरते, कावीळ वाढते. मग कोणीतरी औषधाच्या दुकानातून बाटली आणते.

त्या बाटलीपर्यंत पोहोचण्याआधी रुग्णालयात बाळाला दूध कसे दिले जाते, ते पाहायला हवे. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाला सुरुवातीला शिरेतून पोषण लागते. २८ ते ३१ आठवड्यांच्या बाळाला तोंडातून किंवा नाकातून पोटात सोडलेल्या बारीक नळीने दूध देतात. ३२ ते ३४ आठवड्यांना वाटी-चमच्याची पाळी येते आणि ३४ आठवड्यांनंतर बहुतेक बाळे अंगावर पिऊ शकतात. हे ठोकताळे आहेत, प्रत्येक बाळाची चाल वेगळी. दुधाचे माप वजनावरून ठरते. दर किलोमागे दिवसाला ६० ते ८० मिलिलिटरपासून सुरू करून ते रोज थोडे वाढवत दीडशेच्या पुढे नेतात. दीड किलोच्या बाळाला १५० च्या हिशेबाने दिवसाला २२५ मिली लागते. दर दोन तासांनी पाजले तर एका वेळी एकोणीस मिली, म्हणजे चार चहाचे चमचेही नाही. हा आकडा घरच्यांना आधी समजावून दिला, तर ‘एवढंसंच प्यायलं’ म्हणून होणारी निम्मी जबरदस्ती टळेल.

नळी असतानाच तोंडाची तालीम सुरू करता येते. आईने दूध पिळून काढल्यावर रिकाम्या स्तनाशी बाळाला धरायचे. दूध येत नसल्यामुळे ठसक्याची भीती नाही आणि बाळ वास घेते, चाटते, चोखून पाहते. नळीतून दूध पोटात जात असताना असे कोरडे चोखू दिले तर बाळ नळीवरून तोंडाने पिण्याकडे लवकर वळते आणि रुग्णालयातला मुक्काम कमी होतो, असे अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो. पहिला घट्ट पिवळसर चीक थेंबभर निघाला तरी तो बाळाच्या गालाच्या आत लावतात. चीक टाकून देण्याची जुनी रीत कमी झाली आहे, अजून पुरती गेलेली नाही.

याच काळातला दुसरा उपाय म्हणजे कांगारू पद्धत. कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे एदगार रे सानाब्रिया या बालरोगतज्ज्ञांनी १९७८ च्या सुमारास, पेट्यांची टंचाई असताना, बाळांना आईच्या उघड्या छातीशी उभे बांधून ठेवायला सुरुवात केली. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे पेटीच्या तोडीची ठरली. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून कमी दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत जन्मानंतर लवकरात लवकर सुरू करावी आणि दिवसाचे ८ ते २४ तास ठेवावी असे सांगते. दूध पिण्याशी तिचा संबंध थेट आहे. ऊब टिकवण्यात खर्च होणारी ताकद वाचते, श्वास स्थिर होतो, आईचे दूध वाढते आणि बाळ जागे होऊन तोंड शोधू लागले की आईला ते सर्वांत आधी कळते. आई आजारी असेल तर वडील किंवा आजीही बाळ छातीशी धरू शकतात. बापाने सदरा काढून बाळ छातीशी बांधणे गावात अजून संकोचाचे वाटते. तो संकोच सोडण्याजोगा आहे.

कमी दिवसांच्या बाळाला आईचेच दूध का, याचे उत्तर त्याच्या आतड्यांत आहे. कच्च्या आतड्यांना सूज येऊन त्यांचा भाग सडण्याचा एक गंभीर आजार या बाळांत आढळतो आणि पावडरच्या दुधावर त्याचा धोका जास्त असतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली ती याच कारणासाठी. तपासलेल्या मातांचे जास्तीचे दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात आणि ज्यांच्या आईला दूध नाही त्या बाळांना देतात. मंगरूळपीरसारख्या गावी घराजवळ पेढी नसते, तिथे स्वतः आईने दूध काढणे हाच मार्ग. बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांत सुरुवात करून दिवसाला आठ वेळा, रात्रीही एक-दोनदा, हाताने दूध काढले तर ते टिकते. बाळ वाशीमला आणि आई गावी असे झाले की हेच पहिले सुटते, आणि पंधरा दिवसांनी ‘दूधच येत नाही’ म्हणून बाटली येते.

भारतात नवजात बाळांचे डॉक्टर बाटलीऐवजी चोच असलेल्या छोट्या भांड्याने दूध पाजायला सांगतात. दक्षिणेत त्याला पालडै म्हणतात. मराठी घरांत ते बोंडले म्हणून ओळखीचे आहे. पूर्वी चांदीचे किंवा पितळेचे बोंडले बारशाच्या आहेरात येई आणि पुढे फडताळात पडून राही. रुग्णालयात आता स्टीलचे किंवा प्लॅस्टिकचे असते. बाळाला जागे करून, मान आणि पाठ तळहातावर आधारून अर्धवट बसते धरायचे, बोंडल्याची चोच खालच्या ओठावर कडेला टेकवायची आणि भांडे इतकेच कलते करायचे की दूध ओठाला लागेल. बाळ जिभेने ते घेते, गिळते, थांबते. मग पुढचे थेंब. ओतायचे नाही. पाठीवर आडवे ठेवून तोंडात धार सोडली तर बोंडले बाटलीपेक्षाही घातक ठरते.

या भांड्याविषयी अभ्यास एकमुखी नाहीत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात बाळांनी बाटली आणि पेल्यापेक्षा पालडैने कमी वेळात जास्त दूध घेतले आणि ती शांत राहिली. २००७ च्या एका ब्रिटिश अभ्यासात उलट दिसले: दूध जास्त सांडले, वेळ जास्त लागला. फरक बहुधा हातांचा असावा. जिथे परिचारिका रोज हेच करते तिथे ते सोपे. जिथे भांडेच नवीन, तिथे अवघड. घरी जाण्याआधी आईने किंवा आजीने परिचारिकेसमोर चार-सहा वेळा स्वतःच्या हाताने पाजून पाहणे यासाठी गरजेचे आहे.

बाटलीबद्दल एक गैरसमज डॉक्टरांमध्येही बराच काळ होता. अंगावर पिणे बाळाला जास्त कष्टाचे आणि बाटली सोपी, म्हणून आधी बाटली जमली की मग स्तनपान, असा क्रम लावला जाई. १९८० च्या दशकात अमेरिकेत पॉला मायर यांनी कमी दिवसांच्या बाळांच्या रक्तातला प्राणवायू दूध पिताना मोजला तेव्हा चित्र उलटे निघाले. बाटलीने पिताना तो जास्त घसरत होता. कारण साधे आहे. स्तनातून दूध बाळ ओढेल तेव्हा येते आणि ते थांबले की थांबते. उलट्या धरलेल्या बाटलीतून ते बाळ थांबले तरी ठिबकत राहते. बाळाला दर घोटाला गिळावेच लागते आणि श्वासाची पाळी चुकते. बाटलीची बहुतेक अडचण या एका गोष्टीत आहे, आणि तिचे बहुतेक उपायही इथूनच निघतात.

भारतात १९९२ च्या कायद्याने शिशुदुग्धपर्याय आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीला बंदी आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. विक्रीला बंदी नाही. आई हयात नाही, आईला दूध देता येणार नाही असे उपचार सुरू आहेत, किंवा घरात बोंडल्याने आठ-दहा वेळा पाजायला हात नाहीत, अशा वेळी बाटली घ्यावी लागते. तेव्हा आईला दोष देण्यात वेळ घालवण्यापेक्षा बाटली नीट वापरायला शिकवणे शहाणपणाचे.

पहिला प्रश्न बुचाचा. सर्वांत हळू धार असलेले, नवजात बाळासाठीचे निपल घ्यायचे. बाटली उलटी धरल्यावर दूध थेंबाथेंबाने यावे, धार लागू नये. ‘ओढत नाही’ म्हणून सुई तापवून निपलाचे भोक मोठे करण्याची युक्ती घरोघरी चालते. ती नेमकी उलटी आहे: बाळ कमी ओढते ते बहुधा धार झेपत नाही म्हणून. भोक मोठे केल्यावर बाटली लवकर रिकामी होते खरी, पण त्यातले काही दूध फुप्फुसाच्या वाटेने जाण्याचा धोका वाढतो. दूध घट्ट करण्यासाठी पिठी, रवा किंवा नाचणीचे सत्त्व मिसळणे हेही तितकेच धोक्याचे. या आतड्यांना ते पेलत नाही.

धरण्याची पद्धत त्यानंतर येते. बाळाला पाठीवर न धरता कुशीवर, डोके कमरेपेक्षा वर आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत येतील असे मांडीवर घ्यायचे. कुशीवर असल्याने जास्तीचे दूध गालाच्या खालच्या बाजूने बाहेर ओघळते, घशात साचत नाही. हातपाय पोटाशी जुळवून बाळ दुपट्यात सैलसर गुंडाळले की ते स्थिर राहते. बाटली जवळजवळ आडवी, निपलाच्या टोकाशी दूध राहील इतपतच कलती. निपल ओठांना लावून थांबायचे. बाळाने तोंड उघडून जीभ खाली घेतली की आत द्यायचे, दाबून कोंबायचे नाही.

मग थांबे. बाळ तीन ते पाच वेळा चोखून स्वतःहून थांबले आणि श्वास घेतला तर उत्तम. थांबले नाही तर पाजणाऱ्याने बाटली खाली झुकवून निपल रिकामे करायचे, चार-पाच श्वास होऊ द्यायचे आणि मग पुन्हा दूध येऊ द्यायचे. काही दिवसांनी बाळ स्वतः थांबायला शिकते. झोपेला आलेल्या बाळाच्या तोंडात बाटली हलवणे, हनुवटी दाबणे, निपल फिरवणे यांनी दोन घोट जास्त जातात, पण ते बाळाने ओढलेले नसतात, त्याच्या घशात ढकललेले असतात.

बाळ बोलत नाही, पण पुरे झाल्याचे आणि त्रास होत असल्याचे सांगते. कपाळाला आठ्या, डोळे मोठे करणे किंवा एकदम मिटणे, बोटे ताठ फाकवणे, उचकी, मान वळवणे, ओठांच्या कडेने दूध गळणे ही थांबण्याची सूचना. नाकपुड्या फुगणे, घुरघुर आवाज, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे आणि ओठांभोवती निळसर छटा आली की बाटली लगेच काढायची, बाळाला उभे धरायचे. रंग लगेच परतला नाही किंवा असे पुन्हा झाले, तर डॉक्टरांकडे. एका वेळी वीस मिनिटे, फार तर अर्धा तास. त्याहून लांबले तर मिळणाऱ्या दुधापेक्षा पिण्याची मेहनत जास्त होते. नळी अजून असेल तर उरलेले दूध नळीने द्यायचे. त्यात कुणाचीही हार नाही.

पावडरचे दूध वापरायचे असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलेच आणि डब्यावर लिहिलेल्या मापानेच. बहुतेक डब्यांवर एका सपाट मापाला ३० मिली पाणी असते. डबा लवकर संपू नये म्हणून पाणी वाढवणे हे वजन न वाढण्याचे एक नेहमीचे कारण आहे. अंगी लागावे म्हणून जास्त पावडर घालणे त्याच्या उलट, आतड्यांवर आणि मूत्रपिंडांवर भार टाकणारे. गाईचे, म्हशीचे, शेळीचे दूध, साखरपाणी, मध, गुटी यांतले काहीही नको.

वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो आणि त्यात वीज जाते. काढलेले आईचे दूध खोलीत काही तास टिकते असे पुस्तकांत असते, ते थंड खोलीचे गणित. एप्रिल-मेमध्ये मंगरूळपीरच्या पत्र्याच्या घरात ते शक्य तितक्या लवकर संपवावे, किंवा जेवढे लागेल तेवढेच काढावे. पावडरचे दूध दर वेळी ताजे. उरलेले टाकून द्यायचे. बाटली, निपल आणि झाकण सुटे करून, ब्रशने घासून, पाण्यात बुडवून दहा मिनिटे उकळायचे. निपलाच्या कडेला आणि बाटलीच्या मानेत दुधाचा थर बसतो, तिथेच जंतू वाढतात. बोंडले उघडे असल्याने एका बोटाने स्वच्छ होते; डॉक्टर त्याला झुकते माप देतात त्यामागे हेही एक कारण आहे.

पाजून झाल्यावर बाळाला खांद्याशी उभे धरून ढेकर काढायची आणि वीस-तीस मिनिटे उभेच ठेवायचे. थोडे दूध तोंडातून परत येणे या बाळांत नेहमीचे. हिरवी उलटी, पोट फुगून ताणले जाणे, शौचात रक्त, अंग थंड पडणे, श्वास मध्येच थांबणे किंवा आधी पिणाऱ्या बाळाने एकाएकी पिणे सोडणे ही मात्र लगेच रुग्णालयात नेण्याची लक्षणे आहेत. शेवटचे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे, कारण नवजात बाळात जंतुसंसर्गाची पहिली खूण बहुधा तीच असते आणि घरात बाळाला नजर लागली असे समजून मीठ-मोहरी उतरवली जाते. दृष्ट काढायची तर काढावी, पण गाडीत बसून.

दूध पुरते की नाही हे बाटलीवरच्या रेषांवरून ठरत नाही, वजनावरून ठरते. कमी दिवसांच्या बाळाचे वजन पहिल्या आठवड्यात घटते, दोन आठवड्यांत जन्माइतके होते आणि मग दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढते. दिवसात सहा-आठ वेळा लघवी ही घरगुती खूण. लोह आणि जीवनसत्त्व ड यांचे थेंब डॉक्टर वजनाप्रमाणे ठरवतात.

घरी येऊन वजन करणारी व्यक्ती म्हणजे आशाताई. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देते. या भेटींचे मूळ विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळाचे वजन, ऊब, दूध आणि जंतुसंसर्ग पाहिला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि २०११ पासून देशभर आशांमार्फत तसा कार्यक्रम राबवला जातो. आशाताईसमोर बाळाला पाजून दाखवावे. ती मान वाकडी आहे, धार जोरात आहे, पावडर पातळ आहे या गोष्टी पाहताक्षणी सांगू शकते.

मूळ अपेक्षित तारखेच्या, म्हणजे चाळीस आठवड्यांच्या, आसपास बहुतेक बाळांचा ताल बसतो आणि वाटी-चमच्यावरून किंवा बाटलीवरूनही आईच्या अंगावर परत येता येते. आधी दिवसातून एकदा, बाळ पूर्ण जागे असताना. त्या तारखेनंतरही प्रत्येक वेळी ठसका, घामेजणे, अर्धा तास लागणे चालूच राहिले, तर टाळूची फट, जिभेखालचा आखूड पडदा, हृदयाचा दोष किंवा मेंदूला झालेली इजा शोधावी लागते. त्यासाठी बालरोगतज्ज्ञाकडे जाताना दोन दिवसांची साधी नोंद बरोबर न्यावी: किती वाजता, किती मिली, किती मिनिटे, ठसका लागला का, रंग बदलला का.